जेनेट मॅककर्डीचं ऑडिओबुक: छापील प्रत नको, हेच ऐका

ऑडिओबुक: 'आय ॲम ग्लॅड माय मॉम डाइड'. लेखन आणि वाचन: जेनेट मॅककर्डी. प्रकाशक: सायमन अँड शूस्टर, ऑगस्ट २०२२. लांबी: साधारण साडेसहा तास. भाषा: इंग्रजी.

आधी सरळ सांगून टाकते: घ्यायचं असेल तर ऑडिओच घ्या. मी छापील पुस्तकही चाळलंय आणि ते चांगलंच आहे, पण या मजकुराचा जीव तो वाचणारीच्या आवाजात आहे. मी डबिंग करते, रोजचं पोट आवाजावर चालतं, त्यामुळे इथे आवाजाबद्दल जरा जास्त लिहिलं जाईल. दुसरं म्हणजे लहानपणी मीही कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली मुलगी आहे. नव्वदच्या दशकातल्या काही जाहिराती, दूरदर्शनवरच्या दोन मालिका, सुट्टीतली बालनाट्यं. त्यामुळे मी तटस्थ राहून हे ऐकलं, असं म्हणणार नाही.

ज्यांना जेनेट मॅककर्डी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हमध्ये वाढलेली मुलगी. जन्म १९९२चा, तीन मोठे भाऊ, घरात आजी-आजोबाही. सहाव्या वर्षी आईनं तिला अभिनयात घातलं. पुढे मुलांच्या निकलोडियन वाहिनीवर २००७ ते २०१२ चाललेल्या 'आयकार्ली' मालिकेत ती सॅम पकेट झाली, आणि मग 'सॅम अँड कॅट'मध्येही तीच. सॅम म्हणजे दांडगट, कुणाला न घाबरणारी, सतत काहीतरी चघळणारी पोरगी. ती साकारणारी मुलगी मात्र त्या काळात घास मोजून खात होती आणि आईला विचारल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नव्हती. सप्टेंबर २०१३मध्ये आई कॅन्सरनं गेली. पुस्तकाचे दोन भाग आहेत, आई जाण्याआधीचा आणि नंतरचा.

नावावरून घराघरात कपाळाला आठ्या पडणार. माझ्या मावशीनं फोनवर मुखपृष्ठ पाहिलं. गुलाबी अस्थिकलश हातात धरलेली मुलगी, कलशातून बाहेर आलेले रंगीत कागदाचे तुकडे. "असलं अभद्र काय ऐकतेस गं?" म्हणाली. तिला मी एवढंच सांगितलं की मावशी, या पुस्तकात आईवर जेवढं प्रेम केलंय तेवढं फार कमी पुस्तकांत असेल. आणि ते खरं आहे. साडेसहा तासांतला बराच वेळ तुम्ही एका मुलीला आईची पूजा करताना ऐकता. अंगावर येतं ते तेच.

आता वाचनाबद्दल. जेनेट भरभर वाचते. एखादा डबिंग डिरेक्टर असता तर तिला चारदा थांबवून म्हणाला असता, "मॅडम, जरा पॉज घ्या, वाक्य बसू द्या." ती वाक्य बसू देत नाही. सगळं वर्तमानकाळात, त्या त्या वयाच्या मुलीच्या समजुतीनं लिहिलंय आणि तसंच वाचलंय. सहा वर्षांची असताना तिला जे कळत होतं तेवढंच आपल्याला कळतं. मोठी झालेली बाई मध्ये येऊन "हे चूक होतं बरं का" असं सांगत नाही. आईचे संवाद आले की आवाज वर चढतो, लाडात येतो, एका श्वासात रडवेला होतो आणि लगेच पूर्ववत होतो. हे बदल ती इतक्या सफाईनं करते की कळतं, या मुलीनं आयुष्यभर हा एकच आवाज ऐकून पाठ केलाय. काही ठिकाणी तिचा स्वतःचा आवाज भरून येतो, आणि तो तसाच ठेवलाय. रीटेक घेतला नाही, याबद्दल ज्यानं कुणी तो निर्णय घेतला त्याचे आभार.

सुरुवातीच्या भागातला एक प्रसंग सांगते, म्हणजे पुस्तकाची जात कळेल. जेनेट दोन वर्षांची असताना आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि त्यातून ती बरी झाली होती. त्या काळात घरी काढलेली एक व्हिडिओ कॅसेट होती. रविवारी चर्चहून आलं की सगळ्या कुटुंबानं बसून ती कॅसेट पाहायची, हा घरचा नेम. कॅसेटमध्ये चिमुरडी जेनेट आनंदानं गाणं म्हणतेय, आणि घरात एवढं दुःख असताना तू कशी गात होतीस, असं आई तिला ऐकवते. मुलीला खरोखर अपराधी वाटतं. दोन वर्षांची असताना गायल्याबद्दल! पुस्तकात त्यावर कसलंही भाष्य नाही. प्रसंग सांगितला, पुढे गेली.

हे घर आतून कसं होतं तेही ऐकताना दिसत जातं. आईला वस्तू टाकवत नाहीत, खोल्या सामानानं भरलेल्या, पोरांना पलंग असून झोपायला जागा नाही, म्हणून बैठकीच्या खोलीत घडीच्या गाद्या टाकून झोपायचं. धर्म म्हणाल तर मॉर्मन, अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. वडील दोन नोकऱ्या करूनही पुरत नाही. आणि या सगळ्यातून बाहेर काढणारी एकमेव गोष्ट म्हणजे मुलीचं काम. आईला स्वतःला नटी व्हायचं होतं, तिच्या आईवडिलांनी होऊ दिलं नाही. मग मुलीला विचारलं जातं, तुला व्हायचंय ना? सहा वर्षांचं पोर अशा वेळी आईच्या चेहऱ्याकडे बघतं आणि हवं ते उत्तर देतं.

पुस्तकात मला सगळ्यात खरा वाटलेला धागा हाच. बालकलाकाराचा जो गुण म्हणून वाखाणला जातो तो बऱ्याचदा घरी शिकलेला असतो. मोठ्या माणसाचा चेहरा वाचायचा, त्याला काय हवंय ते त्यानं बोलायच्या आत ओळखायचं आणि ते करून दाखवायचं. जेनेटची ओळख कशामुळे झाली? हुकमी रडण्यामुळे. घरच्यांचं मरण डोळ्यांसमोर आणायचं आणि रडायचं. कास्टिंगवाले खूश, आई खूश. मुलगी रोज मनातल्या मनात आपल्या माणसांना मारत होती, याची चौकशी करायचं कुणाला कारणच नव्हतं.

आमच्याकडेही ऑडिशनला हाच प्रश्न असायचा. "रडता येतं का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "हो, म्हणाल तेव्हा." डोंबिवलीहून अंधेरीला जाताना दादरच्या पुलावर ती मला आठवण करून द्यायची की ग्लिसरीन लावून रडणारी मुलं वेगळी आणि तू वेगळी. मला त्याचा केवढा अभिमान होता! सेटवर आई कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, लाइटच्या स्टँडशेजारी उभी राहायची. टेक झाला की मी डिरेक्टरकडे बघतच नसे. आईनं पदर खांद्यावर नीट केला की टेक चांगला झाला. हात बांधून उभी राहिली की परत करायचं, मग डिरेक्टर ओके म्हणाला असला तरी. आई वाईट नव्हती. लग्नाआधी तिनं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली होती, बक्षिसाचं एक प्रमाणपत्र फ्रेम करून कपाटात उभं ठेवलेलं होतं, भिंतीवर लावलेलं मी कधी पाहिलं नाही. ती आजही आहे, आमचं रोज फोनवर बोलणं होतं, तिचा बीपी मला पाठ असतो. पण हे पुस्तक ऐकताना तो लाइटचा स्टँड सारखा डोळ्यांसमोर येत होता.

आता आमच्या स्टुडिओत कार्टूनच्या डबिंगला लहान मुलं येतात. पोर आत माइकसमोर, पालक काचेबाहेर. वाक्य संपलं की काही पोरं स्क्रीनकडे बघतात, पुढचं वाक्य शोधतात, खुर्चीवर पाय हलवत बसतात. काही पोरं प्रत्येक वाक्यानंतर मान वळवून काचेकडे बघतात. या दुसऱ्या पोरांची वाक्यं पहिल्या फटक्यात पडद्यावरच्या ओठांशी बरोबर जुळतात, सगळे म्हणतात, काय हुशार आहे! त्यांचं कौतुक करायला माझी जीभ उचलत नाही. मी त्यांना पाणी देते, शाळेचं काहीतरी विचारते, आणि जमलं तर काचेवरचा पडदा ओढून घेते.

जेनेट एकदा गाडीत आईला सांगून टाकते की मला आता अभिनय करायचा नाही. आई ओक्साबोक्शी रडायला लागते. मुलगी घाबरून शब्द मागे घेते, आणि आईचं रडणं थांबतं. हा प्रसंग ऐकाल तेव्हा आवाजाकडे लक्ष द्या. मागे घेतानाचा तिचा सूर अगदी हलका, गोड आहे, एखाद्या बाईनं रडणाऱ्या बाळाला खेळवावं तसा. आई कोण आणि मूल कोण, हे उलटं झालंय, आणि ते शब्दांत कुठेच म्हटलेलं नाही. कागदावर मी हे पान सहज उलटून पुढे गेले असते.

खाण्याचा भाग मला फार जड गेला. अकराव्या वर्षी छातीत गाठ लागते म्हणून मुलगी घाबरते. आई सांगते, कॅन्सर नाही, तू मोठी होतेयस. मुलीला मोठं व्हायचं नसतं, कारण लहान दिसणाऱ्या मुलीला कामं मिळतात आणि आईला ती लहानच हवी असते. मग आई तिला कॅलरी मोजायला शिकवते. दोघी मिळून ताट कमी करतात, वजन करतात, आणि मुलीला वाटतं, आमचं किती जमतं! हे आजारपण तिला आईशी असलेल्या मैत्रीसारखं वाटत राहतं. पुस्तकाची सुरुवातच इथून होते: आई आयसीयूत बेशुद्ध, मुलं एकेक करून कानाशी काहीतरी चांगली बातमी सांगताहेत, आणि जेनेट सांगते ती आपल्या वजनाचा आकडा. ८९ पौंड, म्हणजे ४० किलोच्या आसपास. हे ऐकून तरी आई उठेल, अशी तिची खात्री असते.

माझ्या घरी खाण्यावर कुणी बंधन घातलं नाही. पण वय लपवलं गेलं. फॉर्मवर दोन वर्षं कमी लिहायची, दोन वेण्या, ओढणी नाही, पोक काढून उभं राहायचं. उंची वाढली तेव्हा घरात जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. लहान राहणं हीच नोकरी असेल तर शरीर तुमच्याविरुद्ध जातं, आणि हे या पुस्तकात जितक्या उघडपणे आलंय तितकं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

एक सुंदर आणि क्रूर तुकडा लिखाणाबद्दल आहे. छोट्या जेनेटला खरं तर लिहायला आवडायचं. ती एक पटकथा लिहिते, आईला दाखवते. आई म्हणते की लेखक गबाळे कपडे घालतात आणि जाडे होतात. संपलं. आणि आपण ते ऐकतोय तिनंच लिहिलेल्या पुस्तकात, तिच्याच तोंडून. माझ्या मनात त्या क्षणी नुसता आनंद दाटून आला.

आता ज्या जागा कमी पडतात त्या.

पैशाबद्दल पुस्तक फार थोडं बोलतं. मुलीच्या कमाईवर घर चालतंय हे कळतं. कॉलेजवयात तिचे मित्राबरोबरचे फोटो छापून आल्यावर आई तिला शिव्यांनी भरलेला ईमेल पाठवते आणि शेवटी नवीन फ्रिजसाठी पैसे मागते, हा तपशील तर ऐकणारा विसरणार नाही. पण कमाई कुणाच्या खात्यात जात होती, सही कुणाची, हिशोब कुणी ठेवला, हे मला ऐकायचं होतं. कारण कॅलिफोर्नियात याच गोष्टीसाठी कायदा आहे. चॅप्लिनच्या १९२१च्या 'द किड'मधला तो गोजिरवाणा मुलगा, जॅकी कूगन, मोठा झाला तेव्हा त्याची लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेली होती. त्यानं १९३८मध्ये कोर्टात दावा लावला, थोडकेच पैसे हाती आले, पण त्यातून १९३९चा कूगन कायदा झाला. आता तिथे मुलाच्या कमाईतले १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवावेच लागतात. म्हणजे आईवडिलांवर विसंबून चालत नाही, हे त्या राज्याला ऐंशीहून अधिक वर्षं ठाऊक आहे.

आपल्याकडे मीनाकुमारी १९३९मध्ये, शाळेत जायच्या वयात, पडद्यावर आली. वडिलांनी स्टुडिओत नेलं आणि तिच्या कमाईवर घर चाललं. त्यानंतर कित्येक 'बेबी' आणि 'मास्टर' आले-गेले. बालकामगार कायद्यात २०१६ साली बदल झाला आणि २०१७च्या नियमांत बालकलाकारांसाठी अटी आल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. ज्या पालकांना हे माहीत नाही त्यांनी आधी हे माहीत करून घ्यावं, पुस्तक नंतर ऐकावं. माझ्या वेळी असं काही नव्हतं. माझे चेक आईच्या नावे यायचे आणि मला प्रत्येक चेकवर आइस्क्रीम मिळायचं.

दुसरा भाग, म्हणजे आई गेल्यानंतरचा, मला थोडा घाईचा वाटला. दारू, खाऊन उलट्या काढण्याचा आजार, नको त्या माणसांबरोबरची नाती, लहानपणापासून ज्यांना बाबा म्हटलं ते जन्मदाते नाहीत हा धक्का. एकेक गोष्ट स्वतंत्र पुस्तकाची आहे, आणि ती चार-पाच मिनिटांच्या प्रकरणांत संपते. ज्याला ती नावानं न बोलवता फक्त 'द क्रिएटर' म्हणते त्या मालिकाकर्त्याबद्दलही मोजकंच आहे. मात्र वाहिनीकडच्या अनुभवांबद्दल बाहेर बोलू नये म्हणून तिला तीन लाख डॉलर देऊ केले गेले आणि तिनं ते नाकारले, हा भाग जरूर ऐका. पुढे या पुस्तकात ती जे बोलू शकली त्याची किंमत तिनं तिथे मोजलीय.

मॉर्मन घरातल्या रीतिभाती तिनं फारशा समजावून सांगितलेल्या नाहीत. डोक्यात येणारा, अमुक इतक्या वेळा अमुक कर असं बजावणारा आवाज तिला पवित्र आत्म्याचा वाटतो. आजोबांना मात्र ओसीडीची, म्हणजे मंत्रचळाच्या आजाराची शंका येते. इथे आपल्याला एकदा मागे जाऊन ऐकावं लागतं.

पण याच दुसऱ्या भागात पुस्तकाचा कणा आहे. समुपदेशक तिला पहिल्यांदा सुचवते की आईनं तुझ्याशी जे केलं तो छळ होता, आणि जेनेट त्या समुपदेशकाकडे जाणंच सोडून देते. मला हे इतकं पटलं! बाहेरच्या माणसाला वाटतं, सत्य कळलं की माणूस सुटतो. सत्य कळलं की आधी आई हातची जाते, आणि आई गेल्यावर उरतं काय? जिच्यासाठी प्रत्येक टेक दिला तीच गेली तर ती कामं कुणाची होती? जेनेट त्या प्रश्नापासून पळते, पडते, दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाते, पुन्हा पडते. सुधारण्याची सरळ चढती रेघ तिनं काढलेली नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

इंग्रजी कसं आहे? सोपं. मराठी माध्यमातल्यांनीही बिचकू नये, वाक्यं छोटी आहेत. वेग जड वाटला तर ॲपमध्ये थोडा कमी करून घ्या, पण फार कमी करू नका, आईचे संवाद मग खोटे वाटायला लागतात. प्रकरणं छोटी असल्यामुळे लोकलच्या प्रवासात छान बसतं. घरात स्पीकरवर लावू नका, मुलं आसपास असतील तर मुळीच नको. अंघोळीबद्दलचे आणि आईच्या पहाऱ्याबद्दलचे काही भाग मोठ्यांनाही सहन होत नाहीत.

रिॲलिटी शोच्या रांगेत पोराला घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आईबापानं हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. विशेषतः ज्यांना ठाम वाटतं की आमच्या पोराला स्वतःलाच आवड आहे. असेलही, खूप मुलांना असते. ऐकून झाल्यावर पोराला घरी, काम हातात नसताना, एकदा विचारून बघा, आणि विचारताना स्वतःचा चेहरा दुसरीकडे वळवा.

आणि जे स्वतः अशी मुलं होते, त्यांना वेगळं सांगते. पहिला भाग एका बैठकीत ऐकू नका. ज्यांना खाण्याचा आजार झालेला आहे किंवा घरात कुणाला आहे, त्यांनी तर फारच जपून. कॅलरीचे आकडे, वजनाचे आकडे, उलटी काढण्याचे तपशील पुस्तकात उघडपणे आहेत, आणि त्यातून कुणी नको ते शिकू शकतं. तुमच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलूनच सुरू करा. दुसऱ्या भागातली अशी प्रकरणं गाळून पुढे गेलात तरी गोष्टीचा धागा हातात राहतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पैशाच्या हिशोबासाठी राखून ठेवलाय.